बावळट लुटारूंचा ‘भाग दुसरा’ : गणेशोत्सवात कौटुंबिक वेस्टर्न प्रहसन कसे बसवावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या गल्लीत गेल्या वर्षी गणेशोत्सवात पस्तीस मिनिटांचे एक प्रहसन सादर झाले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका धुळकट गावात बिल आणि चक नावाचे दोन लुटारू बँक लुटायला जातात, तिजोरी फोडता येत नाही म्हणून ती सबंध उचलून पळतात आणि नाटक संपेपर्यंत ती काही उघडत नाही, एवढीच त्याची गोष्ट होती. प्रेक्षकांतील आज्यांनी चकचे नाव ‘चेक’ करून टाकले आणि ‘बिल आणि चेक पुन्हा कधी येणार’ ही विचारणा दिवाळीपर्यंत चालू राहिली. यंदा त्याचा दुसरा भाग बसवला. तो बसवताना जे हाती लागले, ते अशा प्रयोगाच्या विचारात असलेल्या मंडळांना उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

चंबळ दाराशी असताना अमेरिका कशाला?

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारणार, म्हणून त्याचे उत्तर आधी तयार ठेवावे. भिंड आणि मुरैना आमच्यापासून फार दूर नाहीत. तिकडचे दरोडेखोर स्वतःला दरोडेखोर म्हणवत नसत, बागी म्हणवत. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांतून त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, हे पाहिलेली माणसे अजून आहेत. ज्याला खंडणीसाठी पळवून नेत, त्याला तिकडे ‘पकड’ म्हणत. एखाद्या घरातला माणूस असा ‘पकड’ म्हणून नेला गेला असेल, तर त्या घरातील कोणी आपल्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसलेले असू शकते, आणि त्यांच्यासमोर बंदूकधारी माणसाला केळ्याच्या सालीवरून घसरवण्यात मला तरी विनोद दिसत नाही. अमेरिकेतला लुटारू आपल्याकडे कोणाचाच काका किंवा शेजारी नसतो. तो पडला तर आपण मोकळेपणाने हसू शकतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील तिसरी-चौथी पिढी घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. शेजारची हिंदी भाषक मंडळीही आरतीला येतात. शब्दांवर चालणारा विनोद यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत पोहोचत नाही आणि नंतर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, जे विनोदाचे मरण आहे. आपटणे, धडकणे, दार तोंडावर बसणे हे मात्र सर्वांना एकाच क्षणी कळते. म्हणून असे प्रहसन मराठीत करण्याची भीती बाळगू नये. संवाद कमी आणि स्वच्छ मराठीत ठेवावेत, म्हणजे मुले हसण्याच्या ओघात मराठीही ऐकतात.

दुसऱ्या भागाची गोष्ट कशी शोधावी

दुसऱ्या भागात बहुतेक मंडळी एकच चूक करतात: पहिल्या वेळी जे हसू आले तेच पुन्हा, थोडे मोठ्याने करतात. बँक तीच, पडणे तेच, फक्त या वेळी चौघे पडतात. प्रेक्षक पहिली दहा मिनिटे प्रेमापोटी हसतात आणि मग मोबाइल काढतात.

याबाबत डिस्नेच्या एका जोडचित्रपटाकडे पाहण्यासारखे आहे. १९७५ च्या पहिल्या चित्रपटात सोने सापडलेली तीन अनाथ मुले गोष्टीच्या केंद्रस्थानी होती आणि टिम कॉनवे व डॉन नॉट्स यांनी रंगवलेले दोन बावळट लुटारू कडेला होते. १९७९ मध्ये आलेल्या ‘द अ‍ॅपल डंपलिंग गँग राइड्स अगेन’ या दुसऱ्या भागात ते दोघेच नायक झाले, आणि त्यांची इच्छाही उलटी झाली: आता त्यांना सरळ मार्गाने जगायचे असते, पण जग त्यांना लुटारूच समजत राहते. त्या चित्रपटातील प्रसंग उचलू नयेत, ते ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावेत. घ्यायची ती ही उलटापालट. पहिल्या भागात मूर्खांना वाईट काम करायचे असते आणि ते जमत नाही. दुसऱ्या भागात त्यांना चांगले काम करायचे असते आणि त्यातून अधिक नासधूस होते.

आमच्या बाबतीत ही उलटापालट तिजोरीतूनच निघाली. वर्षभर उघडत नसलेली तिजोरी वागवून बिल आणि चक कंटाळतात, त्यांना पश्चात्ताप होतो आणि ती गुपचूप जागेवर ठेवून यायचे ते ठरवतात. म्हणजे बँक फोडायची ती पैसे ठेवण्यासाठी. मध्यरात्री बँकेच्या दारात दोन ओळखीचे चोर तिजोरीसह उभे दिसले, तर ते ती नेत आहेत की आणत आहेत, हे शेरीफला कसे कळावे? एवढा एक प्रश्न सापडल्यावर पुढचे प्रसंग सुचवावे लागले नाहीत. आपल्या मंडळाने वेगळे नाटक केले असेल तरी पहिल्या भागातील अशी एखादी वस्तू शोधावी, जिचे काय झाले हे सांगायचे राहून गेले आहे.

पहिला भाग न पाहिलेल्या प्रेक्षकांसाठी निवेदकाला पाच मिनिटे बोलायला लावू नये. पडदा उघडताच भिंतीवर ‘पकडून देणाऱ्यास इनाम’ असा कागद दिसावा, त्यावर दोन चेहरे आणि खाली तिजोरीचे चित्र असावे, आणि बिल व चक यांनी त्यासमोर उभे राहून चित्रातली नाके बरोबर आली आहेत की नाहीत यावर वाद घालावा. तेवढ्यात सर्व पूर्वकथा सांगून होते.

खरे लुटारू काही कमी बावळट नव्हते

प्रसंग सुचत नसतील तर इतिहास उघडावा. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल या गावात डाल्टन टोळीने एकाच वेळी दोन बँका लुटण्याचा बेत केला. हे लोक त्याच परिसरातले असल्यामुळे त्यांनी ओळख लपवण्यासाठी खोट्या दाढी-मिशा लावल्या होत्या, तरीही लोकांनी त्यांना ओळखले. घोडे बांधण्यासाठी ठरवून ठेवलेला कठडा रस्त्याच्या दुरुस्तीसाठी काढून टाकलेला होता, त्यामुळे घोडे लांब एका गल्लीत बांधावे लागले. एका बँकेतील रोखपालाने तिजोरीचे कुलूप ठरलेल्या वेळेलाच उघडते आणि ती वेळ अजून झालेली नाही अशी थाप मारली, आणि टोळीने चक्क वाट पाहिली. तेवढ्या वेळात गावकऱ्यांनी बंदुका गोळा केल्या. पुढे तेथे टोळीतले चौघे आणि गावातले चौघे मेले, म्हणून तो शेवट आपल्याला नको. पण जागेवर नसलेला कठडा आणि थाप मारणारा रोखपाल रंगमंचासाठी सोन्यासारखे आहेत. आमच्या नाटकात बिल नसलेल्या कठड्याला हवेतच दोर बांधण्याचा सराव घरून करून येतो, आणि रोखपाल काकू तिजोरी परत घ्यायला नकार देताना ‘आज अर्धा दिवस आहे’ एवढेच म्हणतात. ग्वाल्हेरमध्ये त्या वाक्याला मिळालेला हशा कोणत्याही आपटण्याला मिळाला नाही.

एल्मर मॅकर्डी हा दुसरा नमुना. १९११ च्या मार्चमध्ये त्याने ओक्लाहोमात रेल्वेगाडीतील तिजोरी फोडण्यासाठी नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक इतके वापरले की आतली चांदीची नाणी वितळून तिजोरीलाच चिकटली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या रकमेच्या आशेने तो ज्या गाडीवर चढला ती गाडीच चुकीची निघाली, आणि हाती आले ४६ डॉलर. आमच्या बिल आणि चकच्या खिशात नेमके ४६ डॉलर असतात, त्याचे कारण हे. प्रेक्षकांना ते कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही.

तिसरा चार्ल्स बोल्स, ज्याला ब्लॅक बार्ट म्हणत. १८७५ ते १८८३ या काळात त्याने कॅलिफोर्निया व ओरेगॉन भागात वेल्स फार्गो कंपनीची रोकड नेणाऱ्या २८ घोडागाड्या लुटल्या, त्याही पायी जाऊन, डोक्यावर डोळ्यांपुरती भोके पाडलेली पिठाची पिशवी घालून. दोनदा त्याने कविता लिहून मागे ठेवल्या. शेवटच्या लुटीच्या जागी त्याचा रुमाल राहिला, त्यावर धोब्याची खूण होती, आणि सॅन फ्रान्सिस्कोतील धोब्यांकडे एकेक करून चौकशी करत गुप्तहेर त्याच्यापर्यंत पोहोचले. मांडवात घोडा आणणे शक्य नसलेल्या मंडळांनी या माणसाचे आभार मानावेत, कारण पायी लुटारू दाखवले तर ते इतिहासाला धरूनच होते. धोब्याची खूण तर आपल्याकडे वेगळी समजावून सांगावीच लागत नाही. शेरीफ खाली पडलेला रुमाल उचलतो, खूण वाचतो, आणि तो रुमाल त्याचा स्वतःचाच निघतो.

पात्रे आणि माणसे

जोडीचा विनोद आपल्याला नवा नाही. तमाशातील बतावणी आणि वगातील सोंगाड्या ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना शहाणा मूर्ख आणि मूर्ख मूर्ख यांतला फरक शिकवावा लागत नाही. बिल स्वतःला हुशार समजतो आणि योजना आखतो. चक प्रत्येक योजना अक्षरशः पाळतो. ‘माझ्या मागे राहा’ म्हटले की चक शेवटपर्यंत बिलच्या पाठीलाच चिकटून चालतो. दोघांचाही मूर्खपणा एकाच प्रकारचा ठेवला तर दहाव्या मिनिटाला खेळ बसतो.

नट निवडताना गल्लीतला सर्वांत विनोदी माणूस घेऊ नये, असे मी अनुभवाने सांगतो. तो स्वतःच्या विनोदावर आधी हसतो. या भूमिकांना कमालीचे गंभीर चेहरे लागतात. आमचा चक एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले काका आहेत आणि ते आयुष्यात क्वचितच हसलेले दिसतात. शेरीफ मात्र थोडा अकडबाज हवा, आणि प्रेक्षकांतील आज्या त्याला फौजदार म्हणू लागल्या तर दुरुस्ती करत बसू नये. मुलांना गावकऱ्यांच्या भूमिका द्याव्यात आणि नाटकातील एकमेव शहाणी व्यक्ती एखाद्या मुलीलाच करावी. तिजोरीचे दार ओढायचे नसून ढकलायचे आहे, हे तिला पहिल्या प्रवेशापासून माहीत असते, पण तिचे कोणी ऐकत नाही.

पोशाखाची काळजी करू नये. जुन्या सुटाचे जाकीट, गळ्यात गमछा आणि रुंद कडेची टोपी एवढ्यात काऊबॉय उभा राहतो. टोपीसाठी आमच्या ग्वाल्हेरच्या ‘टोपी बाजार’ या बाजारपेठेच्या नावावर मात्र विसंबू नये; आम्ही हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या मेळ्यातून मुलांच्या खेळण्यातल्या टोप्या घेऊन ठेवल्या होत्या.

पडावे कसे, मारावे कसे

येथे घाई करून चालत नाही. या प्रकारच्या विनोदाला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात, ते एका खऱ्या वस्तूवरून. इटलीतील कॉमेडिया देल्लार्ते या सोळाव्या शतकातील लोकनाट्यात विदूषकाच्या हाती दोन पातळ फळ्यांची एक काठी असे. अंगाला ती हलकेच लागली तरी फळ्या एकमेकींवर आपटून ‘फाट्’ असा मोठा आवाज होई. ही काठी कोणताही सुतार अर्ध्या तासात करून देतो. सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद अशा दोन पातळ फळ्या घ्याव्यात, मुठीच्या बाजूला त्यांच्यामध्ये एक सेंटीमीटर जाडीचा तुकडा ठेवून घट्ट बसवाव्यात आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी. कडा पॉलिश कागदाने घासून गोल करून घ्याव्यात. मार नेहमी मांडीच्या मागे किंवा नितंबांवर, कधीही पाठीच्या कण्यावर किंवा डोक्यावर नाही.

थोबाडीत मारण्याच्या प्रसंगात हात गालाला लागतच नाही. मारणारा आणि मार खाणारा एका हाताच्या अंतरापेक्षा थोडे लांब उभे राहतात, प्रेक्षकांच्या नजरेतून एक दुसऱ्याच्या मागे येईल असा कोन साधतात, आणि हात तोंडासमोरून जातो त्याच क्षणी मार खाणारा छातीपाशी स्वतःची टाळी वाजवून मान वळवतो. मांडव तिन्ही बाजूंनी उघडा असेल तर कडेला बसलेल्यांना ही फट दिसते. तेव्हा हा प्रसंग मंचाच्या मागच्या भागात घ्यावा. मारण्यापूर्वी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. ती खूण आहे. नजर मिळाली नाही तर हात उचलायचा नाही, असा नियम आम्ही तालमीच्या पहिल्या दिवशी घातला.

पडताना तळहात टेकून पडण्याची सवय मोडावी लागते, कारण मनगट त्यानेच जाते. गुडघे वाकवून आधी खाली बसायचे, मग कुशीवर किंवा नितंबांवर भार घेत लोळायचे, हनुवटी छातीला लावलेली. हे गादीवर दहा वेळा, सतरंजीवर दहा वेळा आणि मगच फळ्यांवर करावे. वय साठच्या पुढे असलेल्या नटांना पाडूच नये. आमचे चक काका संपूर्ण नाटकात एकदाही पडत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचे सगळे पडतात आणि ते फक्त वळून पाहतात. ते अधिक हास्यास्पद दिसते.

गेल्या वर्षीची एक चूक येथे सांगून टाकतो. बादली सांडण्याच्या प्रसंगात मी हौसेने खरे पाणी वापरले. प्रसंग रंगला, पण पुढच्या प्रवेशात शेरीफ खरोखरच घसरला आणि त्याचा गुडघा सुजून दहा दिवस राहिला. प्रेक्षकांनी त्या घसरण्यालाच सर्वांत जास्त टाळ्या दिल्या, याची मला अजून खंत आहे. यंदा बादलीतून चमकीच्या कागदाचे तुकडे पडले. तोंडावर फेकायच्या केकबद्दलही तसेच. दाढीचा फेस डोळ्यांना झोंबतो, म्हणून तो नको. फेटलेले क्रीम भाद्रपदाच्या उकाड्यात तासाभरात पातळ होते. आम्ही कागदी थाळीत श्रीखंडासाठी टांगतात तसा चक्का वापरला. तो टिकतो, चिकटतो आणि धुऊन जातो. ‘अन्नाची नासाडी’ म्हणून एका मावशींनी आक्षेप घेतला, तेव्हा थाळी एकच ठेवून तिला नाटकातले सर्वांत महत्त्वाचे स्थान दिले.

गोळीबारासाठी टिकल्यांचे पिस्तूलही मांडवात वाजवू नये. कापडाचा मांडव, विजेच्या माळा, निरांजने आणि ठिणगी यांचे जमत नाही. विंगेत एकाने फळी जमिनीवर आपटली की पुरते. मैदा किंवा पीठ हवेत उडवणेही टाळावे, कारण पिठाची हवेतील धूळ ज्योतीजवळ पेट घेऊ शकते.

वजन, वेळ आणि ढोलकी

आमची तिजोरी पुठ्ठ्याची आणि थर्माकोलची, वजन फार तर दोन किलो. ती जड आहे हे तिजोरीने नव्हे तर नटांनी सिद्ध करायचे असते. उचलण्यापूर्वी पाय फाकवणे, श्वास रोखणे, उचलताना आधी पाठ आणि मग तिजोरी वर येणे, ठेवताना बोटे खाली अडकणे आणि तिला एका बाजूने झुकवून ती सोडवणे, हे सगळे तालमीत खऱ्या जड वस्तूने करून पाहावे. आम्ही गव्हाची पन्नास किलोची गोणी दोघांकडून उचलून घेतली आणि शरीर कोठे कोठे वाकते ते लक्षात ठेवायला सांगितले. एकदा ठरलेले वजन शेवटपर्यंत पाळावे लागते. ते मोडण्याची सूट नाटकात एकदाच आणि एकाच पात्राला असते: दोघे घामाघूम होऊन तिजोरी ओढत असताना रोखपाल काकू झाडू मारता मारता ती एका हाताने बाजूला सारतात.

प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकांना धोका लुटारूंच्या एक क्षण आधी दिसला पाहिजे. दाराआड शेरीफ उभा आहे हे आधी मुलांना दिसावे, त्यांनी ओरडून सांगावे, आणि चकने ‘कोण आहे रे तिकडे’ म्हणत नेमके तेच दार उघडावे. अचानक बसलेला मार दचकवतो. दिसत असूनही न चुकलेला मार हसवतो. एकच गोष्ट तीनदा करायची असेल तर दोनदा सारखी आणि तिसऱ्यांदा वेगळी, आणि चौथ्यांदा कितीही टाळ्या मिळाल्या तरी नाही.

तालमी आधी गाण्याच्या विलंबित लयीत घ्याव्यात. एक ते आठ मोजत, प्रत्येक आकड्यावर कोणाचा पाय कोठे आहे हे ठरवत, मग हळूहळू वेग वाढवावा. ग्वाल्हेरमध्ये दर दुसऱ्या घरात तबला शिकणारे कोणी ना कोणी असतेच, म्हणून ध्वनिमुद्रित आवाजांच्या भानगडीत न पडता ढोलकी किंवा तबल्यावर एक माणूस बसवावा. तो नटाकडे पाहून वाजवतो. नट पडायला अर्धा क्षण उशीर झाला तरी थाप त्याच्यासाठी थांबते. आमच्या वादकाने दोघांच्या चालीला दोन वेगळे ठेके दिले होते, त्यामुळे विंगेतून कोण येणार हे प्रेक्षकांना आधी ऐकूच येई.

प्रयोग आरतीनंतर लगेच आणि प्रसाद वाटण्याच्या आधी ठेवावा. प्रसाद हाती आला की निम्मी गल्ली घरी जाते. चाळीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये. रंगीत तालीम एकदा तरी मांडवातच, आणि दिव्यांसह घ्यावी, कारण घराच्या गच्चीवर बसवलेला पाठलाग मांडवात आला की बांबूंना अडतो.

शेवटी तिजोरी उघडावी की नाही, यावर आमच्यात तीन दिवस वाद झाला. उघडली आणि आत काही निघाले तर ते दोन वर्षांच्या उत्सुकतेला पुरेसे वाटत नाही. नाहीच उघडली तर फसवल्यासारखे होते. अखेर ती मुलगी दार ढकलते, ते उघडते, आणि आत कोंडून घेतलेला शेरीफ हातात धोब्याची खूण असलेला रुमाल घेऊन घाम पुसत बाहेर येतो, असे ठरले. त्यासाठी तिजोरीला मागून झडप आणि तिच्यामागे काळा पडदा करावा लागतो, आणि शेरीफला त्याआधी चार मिनिटे विंगेत जाण्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. दिवे पूर्ण लागले की मुले मंचावर धावून येतील आणि प्रत्येकाला ती तिजोरी एका हाताने उचलून पाहायची असेल. त्यांना अडवू नये. फक्त झडपेचे खिळे आणि तार आधी काढून घ्यावी.